तात्यांचं साठ पावलांचं मैदान

तात्या बेनाडीकरांना रस्त्यात कुणी "राम राम" म्हटलं, तर ते "एकशे त्र्याऐंशी" असं म्हणून पुढं चालू लागत. नव्या माणसाला वाटे, आपलं काहीतरी चुकलं. आम्हा मंगळवार पेठेतल्या लोकांना मात्र ठाऊक होतं की तात्यांची पावलं मोजणं चाललंय आणि मध्येच तोंड घालून त्यांची मोजदाद बिघडवायला निघालेलो आपणच आहोत. आकडा मोठ्यानं म्हटला की तो हरवत नाही, असं त्यांचं मत होतं. मुक्कामाला पोचल्यावर ते आकडा खिशातल्या वहीत टिपत, आणि मग सवडीनं परत येऊन, ज्यानं राम राम घातला होता त्याला शोधून काढून विचारत, "राम राम. काय म्हणत होता मघाशी?" मध्ये अर्धा तास सहज गेलेला असे. एकदा तर दुसरा दिवस उजाडला होता, पण राम राम चुकला नाही.

तात्या संस्थानच्या मोजणी खात्यात होते. जमिनी मोजायची लोखंडी साखळी त्यांनी तीस वर्षं ओढली. साखळी सरकारजमा झाली, पण मोजणी अंगात राहिली. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. कमी नाही, जास्त नाही. "ह्यात फरक पडायचा तर मी मेल्यावर," असं ते अभिमानानं सांगत. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी मांडव पावलांनी मोजून यजमानाला आदल्या दिवशीच बजावलं होतं की एका पंगतीला चाळीस पानं बसतील, एक्केचाळिसावं बसणार नाही. यजमानानं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी एक्केचाळिसावं पान नेमकं नवऱ्या मुलाच्या मामाचं निघालं आणि मामांना स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून जेवावं लागलं. तिकडं वरपक्ष रुसून बसलेला आणि इकडं तात्या यजमानाला विचारतायत, "आधी मोजून बघितलं व्हतं का?"

हे "मोजून बघूया की" त्यांच्या तोंडात सदैव असे. भांडण असो, आजारपण असो, पाऊस असो, तात्यांचा उपाय तोच.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. शाळेत भूगोल शिकवतो. दुसऱ्याचं काय चाललंय हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी त्याला चौकसपणा म्हणतो, आमची ही भोचकपणा म्हणते. त्यामुळं संस्थान विलीन झाल्यावर, खातं मोठ्या खात्यात जाऊन तात्या वेळेआधीच पेन्शनीत निघाले आणि एका सकाळी खांद्यावर मेणकापडाची लांबोळकी पिशवी अडकवून माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"मास्तर, तुम्ही भूगोलाचं. कोल्हापूरच्या आसपास गोल्फचं लहान मैदान कुठं हाय?"

पिशवीत पाच काठ्या होत्या. दोन लाकडी डोक्याच्या, तीन लोखंडी. तळाशी तीन पांढरे चेंडू. कुणा साहेबाच्या बंगल्याची हद्द म्हणे तात्यांनी मोजली होती. तो साहेब विलायतेला परत जाताना हे सामान तात्यांना देऊन गेला होता. दोन-तीन वर्षं ते माळ्यावर पडून होतं आणि आता अचानक तात्यांना गोल्फ शिकायचा होता.

"तुम्हाला? गोल्फ?"

"का? शिकाऊ हाय मी. शिकाऊ माणसानं काय करायचं, तर लहान मैदान धरायचं. लांब मैदान धरलं की चेंडू हरवतो, कंबर धरती, आणि मग हौस फिटती."

बातमी तालमीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमच्या गावात खेळ म्हणजे कुस्ती. अंगाला लाल माती लागल्याशिवाय त्याला खेळ म्हणण्याची पद्धत नाही. तालमीतल्या वस्तादांनी तात्यांच्या काठ्या एकेक करून हातात घेऊन तोलल्या. "ह्यात समोर कोण असतंय?" त्यांनी विचारलं. कोणी नसतं, असं तात्यांनी सांगितलं. "मग पडतंय कोण?" वस्तादांनी काठ्या परत केल्या आणि हा विटीदांडूच आहे, फक्त विटी गोल केलेली आहे, असा निकाल दिला.

तर आमची मैदानशोध मोहीम सुरू झाली. आमची म्हणजे तात्यांची, आणि चौकसपणा स्वस्थ बसू देईना म्हणून माझी.

पहिलं पाहिलं ते साहेबलोकांचं जुनं मैदान. साहेब गेले होते तरी गवत कापलेलं होतं. एक-दोन अंमलदार संध्याकाळी तिथं खेळतही असत. मला ते बघताक्षणी आवडलं. तात्या पहिल्या जागेपासून चालायला लागले. साठ पावलं चालले आणि थांबले. इकडंतिकडं पाहिलं, एक दगड दिसला त्यावर बसले. खिशातून घड्याळ काढून पाच मिनिटं बसून राहिले. मग उठून आणखी साठ पावलं. पुन्हा बसायला जागा शोधायला लागले. तिथं दगड नव्हता. तात्यांनी मान हलवली.

"पहिल्याच खड्ड्यापर्यंत सव्वातीनशे पावलं हायत. जमायचं न्हाय."

"पण तात्या, गोल्फमध्ये असं मध्ये मध्ये बसतात?"

"शिकाऊ माणूस बसतो."

"आणि टांगा कडेपर्यंत येतो का, हे कशाला विचारत होता त्या माळ्याला?"

"सामान असतंय की," तात्या म्हणाले. पाच काठ्या आणि तीन चेंडूंचं सामान.

मग आम्ही पन्हाळ्याला गेलो. तिथं ओळखीच्या एका गृहस्थाची मोकळी जागा होती. हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी आयुष्य वाढावं. तात्यांनी ती जागा उभ्याउभ्याच नापास केली. का, तर चढ आहे. मी म्हटलं, चढ कसला, मांजराच्या पाठीएवढासुद्धा नाही. "शिकाऊला तेवढा पण नको," तात्या म्हणाले आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारायला गेले.

गगनबावड्याला जायची कल्पना माझी. तिथं माझा एक मावसभाऊ मास्तर होता आणि त्यानं पत्रात शाळेमागच्या हिरवळीचं फार वर्णन केलं होतं. हिरवळ होती हे खरं. पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जात होता, आणि वरून पाऊस असा की समोरचा मावसभाऊही दिसेना. तात्या छत्रीत उभे राहून त्या चिखलाकडं बघत राहिले.

"हितं पाय घसरला तर?"

"तुमचा?"

"कुणाचा पण," तात्या म्हणाले आणि तसेच मागं फिरले. येताना घाटापासून फुलेवाडीच्या नाक्यापर्यंत वाटेतले मैलाचे दगडसुद्धा त्यांनी मोजले नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या माणसाला नाकासमोरचं दिसत नाही.

शेवटी मैदान सापडलं ते रंकाळ्याच्या पलीकडं, तुकाबा चौगुल्याच्या गुऱ्हाळामागं. सपाट माळ होता, कडेनं दोन लिंबाची झाडं होती आणि गाडीवाट थेट माळाला येऊन टेकली होती. तुकाबा गुऱ्हाळापाशी बसला होता.

"या पावणं. काय पेरायचं हाय?"

"पेरायचं काय न्हाय. खेळायचं हाय," तात्या म्हणाले.

"कुणी?"

"मी."

तुकाबानं तात्यांच्या पिकल्या मिशांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "आन् हे?"

"हे बघायला."

"हितं म्हशी चरत्यात."

"चरू द्यात की. गवत बारीक ऱ्हाईल."

"चेंडू म्हशीला लागला मंजी?"

"माझा चेंडू म्हशीपतोर जात न्हाय," तात्या म्हणाले. हे ऐकून तुकाबाची खात्री पटली. त्यानं परवानगी दिली, वर एकेक पेला उसाचा रस दिला.

तात्यांनी दुसऱ्याच दिवशी मैदान आखलं. खड्डे सहा, दोन खड्ड्यांतलं अंतर साठ पावलं. प्रत्येक खड्ड्यात त्यांनी घरातलं एकेक मातीचं सुगड गळ्यापर्यंत पुरलं, शेजारी मोजणीतली लाल निशाणं रोवली आणि प्रत्येक निशाणाजवळ बसायला एक चपटा दगड आणून टाकला. दगड ओढायला मीही हात लावला. भूगोलाच्या मास्तराच्या पाठीला ते चार दिवस पुरलं.

आणि मग तात्या खेळू लागले. खेळू लागले म्हणजे काय, तर काठी घेऊन चेंडूपाशी उभे राहायचे. पाय जुळवायचे, परत सोडायचे, काहीतरी पुटपुटायचे, आणि सगळा देह हलवून असा काही टोला मारायचे की चेंडू वीस पावलांवर जाऊन निमूट पडायचा. पुन्हा तोच सोहळा, पुन्हा वीस पावलं. तीन टोल्यांत साठ. रोज, दर खड्ड्याला. माणसानं इतकं नेमानं वाईट खेळावं ह्याचं मला नवल वाटे.

दुसरी एक गोष्ट मला कळत नव्हती. बाबालालचा टांगा रोज पाच वाजता तात्यांच्या दारात येऊन उभा राही. तात्या बाहेर येत, पुन्हा आत जात. पंधरा मिनिटं आतून बोलण्याचा आवाज येई. मग ते एकटेच बाहेर येऊन टांग्यात बसत, माझ्या दारासमोर थांबून मला घेत, आणि वाटेत "चला, हाणा" एवढंच बाबालालला म्हणत.

हे कोडं आमच्या हिनं सोडवलं. माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "मैदानं कसली शोधत हिंडता? काकींसाठी चाललंय ते."

काकी म्हणजे तात्यांच्या पत्नी. मागच्या पौषात त्यांना विषमज्वर झाला होता. चाळीस दिवस अंथरुणावर होत्या. ताप गेला, पण पायांतलं बळ परत आलं नाही. डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की ह्यांना चालवा, रोज चालवा, सपाटीवर चालवा, नाहीतर वर्षभरात ह्या कायमच्या अंथरुणाला खिळतील. काकी घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या. पलंगापासून परसातल्या तुळशीपर्यंत साठ पावलं व्हायची, की त्या मटकन खाली बसायच्या. तुळशीपासून परत यायला पुन्हा पाच मिनिटं विसावा घ्यावा लागे.

आणि उंबऱ्याबाहेर पडायला त्या मुळीच तयार नव्हत्या. चाळिशी नुकती उलटलेली, हातात काठी घेऊन चालायचं म्हणजे काय? बघणारे काय म्हणतील? बरं, नवऱ्याबरोबर हवा खायला जायची आमच्या पेठेत रीत नव्हती. नवराबायको लग्नाला जात, देवाला जात, दवाखान्यात जात, आणि तेव्हासुद्धा नवरा चार पावलं पुढं असे. दोघं नुसतीच चालतायत, कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही, असं दिसलं असतं तर गल्लीनं खिडक्या उघडल्या असत्या. काकींना चालायला काहीतरी कारण हवं होतं, आणि तात्यांनी डोकं खाजवून खाजवून शोधून काढलेलं कारण म्हणजे हा गोल्फ.

मी त्याच संध्याकाळी माळावर तात्यांना सरळ विचारलं. ते एकदम भडकले.

"गोल्फ हाय हा, मास्तर. खेळ हाय. ह्यात खेळणाऱ्याबरोबर काठ्या धरायला एक माणूस लागतंय. साहेबाच्यात असतंय. तेवढंच तिला सांगतोय रोज, की काठ्या धर. तर म्हणती, मी काय तुमची भालदार हाय?"

एवढं बोलून ते चेंडूकडं वळले. त्या दिवशी चेंडू वीस पावलंसुद्धा गेला नाही. मला फार वाईट वाटलं. तिथून पुढं मी त्यांच्या खेळाला हसायचं सोडलं, आणि टांगा दारात येऊन उभा राहिला की खिडकीशी कान लावून आज काकी निघतात का, ह्याची वाट बघू लागलो. महिना गेला, दीड महिना गेला. काकी निघाल्या नाहीत.

आणि एका मंगळवारी आम्ही माळावर गेलो तर तिसऱ्या निशाणापाशी ही गर्दी. तुकाबा, त्याची म्हातारी आई, गुऱ्हाळावरच्या चार बाया. सुगडाच्या तोंडाला हळदकुंकू माखलेलं, पुढं फोडलेला नारळ, उदबत्तीचा धूर. चपला सगळ्यांनी लांब काढून ठेवलेल्या.

झालं होतं असं की तुकाबाच्या आईची म्हैस आटली होती. ती म्हैस तिसऱ्या निशाणापाशी चरली आणि दुसऱ्या दिवशी तिनं दूध दिलं. म्हातारीनं विचार केला. लाल निशाण आहे. जमिनीत घट पुरलेला आहे. शहरातला एक शहाणासुरता माणूस रोज टांगा करून येतो, दोन्ही हात एकात एक धरून, मान खाली घालून घटासमोर बराच वेळ उभा राहतो, काहीबाही पुटपुटतो आणि शेवटी गुडघ्यावर बसून घटात हात घालतो. आता ह्याला कुणी पूजा म्हणणार नाही तर काय म्हणणार?

"तात्या," तुकाबा अदबीनं म्हणाला, "देव कुठला म्हनायचा ह्यो?"

"देव? अहो, खड्डा हाय तो."

"त्ये हायच की. पर देव कुठला?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

"आन् एक सांगतो, राग मानू नगा," तुकाबा म्हणाला. "आई म्हंती, आता हितं चेंडू मारायचा न्हाय. देवाला लागंल. आजवर मारला त्यो मारला, त्याची माफी मागा. न्हायतर माळ मोकळा करा."

परत येताना तात्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढी मैदानं पालथी घालून सापडलेलं एकच सपाट, बसायला दगड असलेलं, टांगा कडेला येणारं मैदान, तेही चाललं होतं. मी त्यांच्याबरोबर घरात गेलो, एकट्यानं त्यांना सोडवेना. काकी पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. तात्यांनी झालेला प्रकार सांगितला. सांगताना हसवायचा प्रयत्न केला. काकी हसल्या नाहीत.

"देवाला चेंडू मारला तुम्ही?"

"अगं, देव न्हाय ते."

"हळदकुंकू लागलं न्हवं त्याला?"

"लागलं, पण ते त्या म्हातारीनं..."

"कुणी का लावंना. लागलं की लागलं. आता माफी मागायला कोण जाणार? तुम्ही? धड एक आरती तरी येती का तुम्हाला?" काकींनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. "उद्या टांगा आला की सांगा मला. आणि मास्तर, तुम्ही पण चला. हे तिथं काहीतरी मोजत बसतील."

दुसऱ्या दिवशी त्या आठ महिन्यांनी उंबऱ्याबाहेर आल्या. तोंडावर घाम होता, पण चांगलं लुगडं नेसल्या होत्या, हातात हळदकुंकवाचा करंडा होता. माळाच्या कडेला बाबालालनं टांगा उभा केला. काकी उतरल्या आणि समोरच्या मोकळ्या माळाकडं बघून जागच्या जागी थबकल्या. तिथं भिंत नव्हती.

तुकाबा बघत होता, त्याची आई बघत होती, बाबालाल बघत होता. एवढ्या लोकांसमोर तात्या बायकोचा हात धरतील हे शक्यच नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक लांब लोखंडी काठी काढली आणि काकींपुढं धरली. "ही घे जरा. माझे हात गुंतलेत," ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

काकींनी काठी घेतली. पहिल्या निशाणापाशी त्या दगडावर बसल्या. दुसऱ्यापाशी बसल्या. मग तिसऱ्याकडं निघाल्या. मी काठी टेकल्याचा आवाज ऐकत होतो. घटापाशी आल्यावर त्यांनी खाली वाकून बघितलं, आणि माझ्या कानांनी ऐकलं, त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे माझं संक्रांतीचं सुगड हाय."

तात्या लिंबाच्या झाडाकडं बघायला लागले. काकींनी करंडा उघडला, सुगडाला हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून हात जोडले. मीही चपला काढून हात जोडले.

नमस्कार करून काकींनी वर बघितलं. पुढं चौथं निशाण दिसत होतं.

"त्याला कुणी लावलं हळदकुंकू?"

"त्येला काय न्हाय अजून," तुकाबाची आई म्हणाली.

"एकाला लावायचं आणि बाकीच्यांना कोरडं ठेवायचं? असं असतंय व्हय कुठं? उद्या येते मी."

माफीचं काम काकींनी आणि त्या म्हातारीनं दोघींनी मिळून मिटवलं. चेंडू घटात जाऊ द्यायचा नाही, वीतभर अलीकडं थांबवायचा आणि नमस्कार करून उचलायचा, म्हणजे देवाची हरकत नाही, असं ठरलं. गोल्फमध्ये असा नियम कुठं आहे की नाही मला माहीत नाही. तुकाबाच्या माळावर होता.

त्यानंतर टांगा दारात कधी खोळंबला नाही. काकी एका हातात करंडा आणि एका हातात काठी घेऊन निघत. काठी आता कुणाच्या नजरेत येत नव्हती, ती तात्यांच्या खेळातली होती. आठवडाभरात चौथ्या घटाला हळदकुंकू मिळालं. पाचव्याला महिना लागला. दिवाळी झाली आणि सहावा घटही कोरडा राहिला नाही. तात्या टोला मारत, वीस पावलं पुढं जाऊन गवतात काहीतरी शोधल्यासारखं करत उभे राहत, तोवर काकी त्यांना गाठत. पुढं पुढं तर त्याच त्यांना बोलायला लागल्या.

"अहो, इतक्या दिवसांत शिकलात तरी काय? जरा लांब जाऊ द्या की चेंडू!"

"शिकाऊ हाय मी," तात्या म्हणत आणि पंचवीस पावलांवर टाकत. पुढच्या महिन्यात तीस झाली. दगडांवर आता बहुतेक वेळा मीच एकटा बसलेला असे.

मग एका शुक्रवारी टांगा माझ्या दारात थांबला, तर आत तात्या एकटेच.

"काकी?"

"देवळात गेली. अंबाबाईच्या. तुमच्या घरातल्या आणि ती, दोघी मिळून. चालत."

आमच्या हिनं मला ह्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. भोचकपणा करायचा तो मी, आणि बातमी नेहमी तिच्यापाशी.

"टांग्यानं सोडतो म्हटलं, तर नको म्हणाली. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही जावा तुमचं खेळायला." तात्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "काठी पण घरात ठेवून गेली."

"अहो, मग पेढे वाटा की!"

"वाटायला पाहिजेत," तात्या म्हणाले आणि बाबालालला "चला, हाणा" म्हणायचं विसरले. घोडं आपल्या सवयीनं निघालं.

माळावर कुणी नव्हतं. म्हशी पार ओढ्याच्या काठाला गेल्या होत्या. तात्यांनी पिशवीतून खेळताना आजवर कधी बाहेर न काढलेली मोठी लाकडी डोक्याची काठी काढली. चेंडू गवतावर ठेवला. पाय जुळवले नाहीत, पुटपुटले नाहीत. काठी मागं गेली, खांद्यावरून फिरली, आणि असा आवाज झाला की झाडावरचे पोपट उडाले. चेंडू पहिल्या निशाणावरून गेला, सहाव्यावरून गेला, गुऱ्हाळाच्या छपरावरून गेला आणि पलीकडच्या उसात कुठंतरी पडला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"तात्या! हे तुम्हाला येत होतं?"

"पंधरा वर्षं साहेबाच्या मैदानाची मोजणी माझ्याकडं होती. सकाळी साहेब उठायच्या आत तिथं कोण असायचं? त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर काठ्या मला देऊन गेला."

"मग एवढे दिवस हे वीस वीस पावलांचं काय?"

"मी लांब मारला असता तर तिला तेवढं चालत यावं लागलं असतं की," तात्या म्हणाले, जणू मी काही वेड्यासारखंच विचारलं होतं.

मी चेंडू शोधायला उसाकडं निघालो, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. ते जवळच्या दगडावर बसले आणि काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली. दिवस कलायला लागला होता. त्यांनी दुसरा चेंडू काढला नाही. पाठीमागं गाडीवाटेकडं दोनदा मान वळवून बघितलं. तिकडून कुणी येणार नव्हतं.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "देवळात बायकांना साधारण किती वेळ लागतो हो?"

"आज शुक्रवार. गर्दी असणार. सांगता यायचं नाही."

"मग बसूया की अजून थोडं," तात्या म्हणाले आणि दगडावर मला जागा करून दिली. "एवढ्यात घरी जाऊन तरी मी एकटा काय करू?"